भंगारातून लोहारकाम शिकायचंय? मग आधी लोखंड ओळखायला शिका

लोहारकाम शिकायचं म्हटलं की बहुतेक जण आधी ऐरण शोधायला लागतात आणि नवीन ऐरणीची किंमत बघून तिथेच थांबतात. थांबू नका. हातोड्याच्या खाली जड आणि कडक लोखंड हवं, ऐरणीकडून सुरुवातीला तेवढंच हवंय, तिला शिंग (बाजूचं निमुळतं टोक) नसलं तरी चालतं. रीतसर भंगारात आलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळाला तर उत्तम, फक्त तो आडवा न ठेवता उभा रोवा, म्हणजे सगळं वजन बरोबर घावाच्या खाली येतं. वरची जागा छोटी दिसेल, पण हातोडा एका वेळी तेवढ्याच जागेवर पडतो. तेही नाही मिळालं तर मोठ्या घणाचं डोकं ओंडक्यात घट्ट बसवा. उंची एवढी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला आणि मूठ वळली तर बोटांचे सांधे ऐरणीला टेकतील. ऐरण उंच झाली की खांदा जातो, फार खाली गेली की कंबर.

हातोडा जुनाच घ्या, किलोभराच्या आसपासचा. जास्त जड घेतला तर थोड्या वेळात हात थकतो आणि मग घाव कुठेही पडायला लागतात. जुन्या हातोड्याच्या तोंडाची कड बहुतेक वेळा धारदार असते किंवा चेपून बाहेर आलेली असते, ती कानशीने नाहीतर ग्राइंडरने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाला लोखंडावर चंद्रकोरीसारखी खूण उठते. दांडा हलत असेल तर नवीन पाचर मारल्याशिवाय हातातच घेऊ नका. सांडशीची घाई नको. ६०-७० सेंटीमीटर लांब सळई घेतली तर दुसरं टोक हातात धरता येतं.

भट्टी म्हणजे कोळसा आणि त्यात खालून किंवा बाजूने येणारी हवा. लाकडी खोक्यात माती भरून मधे खळगा करा, बाजूने साधी लोखंडी नळी आत घाला, तिला हेअर ड्रायर किंवा छोटा ब्लोअर जोडा, झालं काम. नळी गॅल्वनाइज्ड, म्हणजे झिंकचा मुलामा असलेली, नको. लोणारी कोळसा चालतो, लवकर संपतो पण स्वच्छ जळतो. लोखंड हवेच्या तोंडाशी ठेवायचं नाही, निखाऱ्याच्या मधोमध ठेवायचं, खाली पण कोळसा आणि वर पण, नाहीतर लोखंडावर जळकी पपडीच जास्त धरते. हे सगळं उघड्यावर करा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता मुख्य गोष्ट. भंगारातला तुकडा कशाचा आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं आणि नवशिक्याचा अर्धा त्रास तिथूनच येतो. झिंकचा मुलामा असलेलं काही भट्टीत घालू नका, झिंक ९०७ अंशाला उकळतं आणि त्याच्या धुराने ताप-थंडी भरते. क्रोमचा मुलामा तर त्याहून वाईट. दोन्हीकडून बंद असलेली नळी किंवा शॉक अॅब्सॉर्बर अजिबात तापवू नका, तो फुटतो. राहिलेल्या तुकड्याला ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. साध्या माइल्ड स्टीलच्या (कमी कार्बनच्या मऊ पोलादाच्या) ठिणग्या लांब सरळ जातात, फाटे कमी. गाडीचे पाटे (लीफ स्प्रिंग), गोल स्प्रिंग, जुनी कानस यांत कार्बन जास्त, त्यांच्या ठिणग्या फुटून फुटून दाट फुलतात. खात्री करायची तर छोटा तुकडा कापून तापवा, चुंबक चिकटायचं बंद झालं (साधारण ७७० अंश) की अजून थोडा तापवून पाण्यात बुडवा, मग चष्मा लावून, वाइसमध्ये धरून हातोडा मारा. काडकन तुटला तर कडक होणारं पोलाद, वाकला तर माइल्ड.

शिकायला माइल्ड स्टीलच घ्या. सगळ्यांना पहिल्या दिवशी सुरी बनवायची असते ते समजतं मला, पण पाट्याचं पोलाद थंड पडल्यावर ठोकलं तर त्याला चिरा जातात, आणि नवशिक्याला थांबायचं कधी ते कळत नाही. पहिलं काम हुक. टोक काढताना थेट गोल करायला जाऊ नका. आधी चौकोनी ठोका, एक घाव मारला की सळई पाव फेरी फिरवायची, परत घाव, असं टोक निमुळतं झालं की मग कोपरे मारून आठ बाजू करायच्या आणि शेवटी गोल. थेट गोल ठोकलं की आतून पोकळ होऊन टोक फाटतं. रंगावर लक्ष ठेवा: नारिंगी ते पिवळा असताना जोरात ठोकायचं, मंद लाल झाला की परत भट्टीत. पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर ते जळतंय, तेवढा भाग कापून टाका. रंग नीट दिसायला सावलीत काम करा, उन्हात सगळं थंडच वाटतं.

चष्मा कायम, कपडे सुती, सिंथेटिक अंगाला चिकटतं. काळं दिसणारं लोखंड पण भाजतं, म्हणून उचलायच्या आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा.

हुक, खिळे, छिन्नी असं हाताला बसलं की मगच पाट्याचा तुकडा घ्या. सुरीला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम बुडवून कडक करायचं, तर कोमट खाद्यतेलात द्या, पाण्यात चिरू शकते, आणि तेलाचा डबा लोखंडी हवा, झाकण हाताशी हवं कारण तेल पेट घेतं. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, धूर विषारी असतो. मग लगेच ओव्हनमध्ये २०० अंशाला तासभर, थंड करून परत तासभर, घासलेल्या पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग आला पाहिजे. हे उद्यावर टाकू नका, नुसतं पाणी दिलेलं पोलाद इतकं ठिसूळ असतं की हातातून पडलं तरी तुटतं.