दोस्तासोबत थायलंडमधी बाईकवर एक दिवस

भावा, चियांग माई ते पाई हा रस्ता करायचाच, साधारण १३० किमी आणि ७६२ वळणं, गगनबावड्याचा घाट आवडत असंल तर हा लईच आवडंल. निघायच्या आधी कोल्हापूर आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढा, दोघं चालवणार तर दोघांचं, आणि इन्शुरन्समधी बाईक कव्हर हाय का बघाच. गाडी भाड्यानं घेताना पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका, डिपॉझिट द्या आणि टाकी, आरसे, सायलेन्सरवरचे ओरखडे सगळे मोबाईलात शूट करा, मालकासमोरच. तिथं पण डावीकडनंच चालवायचं, ते सोपं. सकाळी लवकर निघा, वळणाच्या आधीच स्पीड कमी करा, आत ब्रेक नको. दोस्त मागं पडला तर पुढच्या सरळ रस्त्यावर थांबायचं, वळणावर नाही.