पहिलं काडतूस भरण्याआधी: आकडे कुठून घ्यायचे

अमेरिकेत राहणारी, रेंजवर नेमाने जाणारी आणि आता आपल्या पिस्तुलाची काडतुसं घरीच पुन्हा भरावीत असं ठरवलेली मराठी मंडळी हळूहळू वाढत आहेत. ही तयारी त्यांच्यासाठी. (भारतात हे घरी करायचं काम नाही, शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो.) नवा माणूस पहिल्यांदा प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं यंत्र, कोणता घ्यावा ते विचारतो. मी सांगतो, आधी भरणीचे तक्ते असलेलं पुस्तक घ्या. प्रेस महिन्याभराने आला तरी चालेल.

पुस्तकं दोन हवीत, आणि चालू आवृत्तीची. एक लायमनसारखं, ज्यात अनेक कंपन्यांच्या गोळ्या आहेत. दुसरं तुम्ही जी गोळी वापरणार तिच्या कंपनीचं, म्हणजे हॉर्नेडी, स्पीअर किंवा सिएरा. त्यांची पुढची प्रकरणं आधी वाचून काढा, तक्ते नंतर. तिसरा आधार बंदुकीची दारू बनवणाऱ्या कंपनीचा: हॉजडन, अलायंट, विहतावुओरी आपापले तक्ते संकेतस्थळावर फुकट देतात. या तिघांत न सापडलेला आकडा वहीत लिहू नका. रेंजवरचा शेजारी कितीही अनुभवी असो, त्याचा आकडा त्याच्या पिस्तुलातला आहे.

आता तक्ता वाचायचा कसा, कारण खरी चूक इथेच होते. नवशिक्या ओळीतून दारूचं वजन तेवढं उचलतो. पण ती ओळ अखंड घ्यायची असते: पुंगळी (काडतुसाचं धातूचं आवरण) कोणाची, प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टोपी) कोणता, गोळी कोणती, दारू कोणती, काडतुसाची एकूण लांबी किती. यातलं एक बदललं की दाब बदलतो.

माझ्या टेबलावर मी एकदा नऊ मिलिमीटरच्या दोन गोळ्या शेजारी उभ्या केल्या. दोन्ही १२४ ग्रेनच्या, म्हणजे साधारण आठ ग्रॅमच्या. एक गोल नाकाची, एक पोकळ टोकाची. गोल नाकाची स्पष्ट उंच दिसत होती. पोकळ टोकाच्या गोळीसाठी छापलेली लांबी या उंच गोळीला लावली, तर तिचं बूड पुंगळीत जास्त खोल जातं आणि दारूला जागा कमी उरते. नऊ मिलिमीटरची पुंगळी मुळातच आखूड, त्यामुळे एवढ्याशा फरकानेही दाब झपाट्याने चढतो. या काडतुसाची कमाल दाबमर्यादा सामी या अमेरिकन मानक संस्थेने ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) ठरवली आहे, पॉइंट ४५ एसीपीची २१,०००. पुस्तकातली कमाल ही तिथली भिंत आहे. म्हणून सुरुवात नेहमी ‘आरंभ’ रकान्यातून करा. तो रकाना नसेल तर कमाल वजनातून दहा टक्के वजा करा. एक अपवाद पाठच करून ठेवा: एच११० आणि विंचेस्टर २९६ या दारू अशा कमी करायच्या नसतात, त्यांना छापलेल्या मर्यादेतच ठेवा.

दोन पुस्तकांत आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. प्रत्येकाची चाचणीची नळी वेगळी, गोळी वेगळी, दारूची खेप वेगळी. दोन्हींपैकी कमी असलेला आरंभ घ्या.

दारूच्या नावांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच दारू, नावं दोन. उलट हॉजडनच्या क्लेज, इंटरनॅशनल आणि युनिव्हर्सल या तीन अगदी वेगळ्या दारू, आणि जुन्या डब्यांवर तिन्हींच्या नावात ‘क्लेज’ आहे. मला एका ओळखीच्या गृहस्थांनी चिकटपट्टीवर हाताने नाव लिहिलेली अर्धी बरणी देऊ केली होती. मी घेतली नाही. मूळ डबा नाही तर ती दारू कोणती हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा, बाकीचे कपाटात.

काटा ग्रेनमध्ये मोजणारा घ्या आणि सोबत तपासणीची वजनं. एका पाउंडात ७,००० ग्रेन असतात, आणि पिस्तुलात ग्रेनच्या दशांशालाही किंमत असते. काडतुसाची लांबी मोजायला कॅलिपर हवाच. दिवाही चांगला हवा, कारण दारू घातलेली प्रत्येक पुंगळी गोळी बसवण्याआधी आतून बघायची आहे. पॉइंट ३८ स्पेशलमध्ये तर ही सवय जीव वाचवते: ते काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातलं, पुंगळी लांब, आजची जलद दारू तळाशी जेमतेम दिसते आणि चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही.

वहीत पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान लिहा, नुसता आकडा नको. पहिल्या खेपेला दहाच काडतुसं भरा. नळी सुटी काढून प्रत्येक काडतूस तिच्यात टाकून बघा. आपल्या वजनाने टपकन बसलं पाहिजे आणि उलटं केलं की आपोआप खाली पडलं पाहिजे. मग डबीवर तारीख, गोळी, दारू, वजन, प्रायमर आणि लांबी लिहून चिठ्ठी लावा. रेंजवर एखादा आवाज दबका आला तर तिथेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळीत गोळी अडकली नाही ना, ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा बार काढू नका.