गोकाकच्या धबधब्यापाशी विस्मयादर कसा मोजावा

पावसाळ्यात कर्नाटकातील गोकाकला घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर खाली कोसळताना पाहणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला विस्मय वाटला का?’ असे विचारले, तर तो बहुधा ‘हो’ म्हणेल, आणि त्या होकारातून संशोधकाच्या हाती फारसे काही लागणार नाही. ‘भारावून गेलो’ यात ओढ असते, ‘छाती दडपली’ यात भीती, आणि ‘थक्क झालो’ हे तर आपण भाजीच्या भावाबद्दलही म्हणतो. म्हणून विस्मयादर, म्हणजे भव्यतेपुढे वाटणारा आश्चर्यमिश्रित आदर (इंग्रजीत ‘awe’), मोजताना भावनेचे नाव न विचारता तिच्या खुणा विचाराव्यात.

मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जॉनथन हाइट यांनी २००३ मध्ये अशा दोन खुणा मांडल्या: समोरच्या गोष्टीची विशालता, आणि ती आपल्या जुन्या समजुतींत मावत नसल्यामुळे त्या समजुतीच बदलण्याची निकड. डेव्हिड येडन व सहकाऱ्यांच्या ३० विधानांच्या प्रश्नावलीत यांखेरीज काळाचे बदललेले भान, आपण लहान असल्याची जाणीव, इतरांशी जोडलेपण आणि शारीरिक संवेदना हीही अंगे आहेत. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत, हे उत्तरदाता १ ते ७ या श्रेणीत सांगतो.

विधाने मराठीत आणल्यावर, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून ती पुन्हा इंग्रजीत करवून घ्यावीत आणि मुळाशी ताडून पाहावीत. खानापूर-निपाणीकडे घरी मराठी बोलणारा माणूस कानडी शाळेत शिकलेला असू शकतो. त्यामुळे दोन्ही भाषांतील प्रती जवळ ठेवून त्याने कोणती निवडली याची नोंद करावी. ज्यांना वाचणे जड जाते त्यांना स्वतःचे चित्र काढायला सांगावे. यांग बाई व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात योसेमिटी उद्यानातील पर्यटकांनी स्वतःला सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या धक्क्यावरील पर्यटकांपेक्षा लहान काढले होते. आपल्याकडे तुलनेसाठी गोकाकचे बसस्थानक चालेल.

प्रश्न जागेवरच विचारावेत, कारण घरी पोहोचेपर्यंत आठवणीला सजावट चढते. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मात्र भक्ती आणि विस्मयादर वेगळे करणे माझ्या मते जवळजवळ अशक्य आहे. तेथे निदान ही पहिलीच खेप आहे का, एवढे तरी विचारावे. धबधब्यापाशी ‘अंगावर काटा आला’ या उत्तराचीही खात्री करून घ्यावी, कारण गार तुषारांनीही काटा येतो. भीतीचे गुण शेवटपर्यंत स्वतंत्र ठेवावेत आणि एकूण बेरजेत मिसळू नयेत.