नव्या संगणकाचा भाग सदोष निघाल्यास काय करावे: तपासणी, पुरावा आणि बदली

सोलापुरात डेस्कटॉप संगणक स्वतः जोडणाऱ्यांची खरेदी बहुधा दोन ठिकाणी विभागलेली असते. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड या वस्तू नवी पेठेतल्या किंवा ओळखीच्या दुकानातून येतात आणि प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड हे महागडे भाग ऑनलाइन मागवले जातात. जोडणी झाली, बटण दाबले आणि डिस्प्ले आलाच नाही, की ‘पार्ट डेड आला’ असा निष्कर्ष काढून ज्याच्यावर संशय आहे तो भाग लगोलग परत पाठवला जातो. तो चांगला असेल तर सेवा केंद्र ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तो परत करते. दरम्यान कुरिअरचा खर्च होतो, आणि ऑनलाइन विक्रेत्याची बदलीची मुदत, जी अनेकदा सात किंवा दहा दिवसांचीच असते, खऱ्या सदोष भागासाठी संपून जाते. त्यामुळे कोणता भाग खराब आहे हे घरीच, खात्रीने आणि पुराव्यासह ठरवणे हे या कामातले मुख्य काम आहे.

खोके उघडण्यापूर्वी

प्रत्येक खोके उघडताना सलग चित्रीकरण करावे आणि त्यात खोक्यावरचा व भागावरचा अनुक्रमांक स्पष्ट दिसेल याची काळजी घ्यावी. मदरबोर्डच्या बाबतीत एक छायाचित्र अत्यावश्यक आहे: सॉकेटवरचे, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेवरचे, प्लास्टिकचे झाकण काढल्यावर, प्रोसेसर बसवण्यापूर्वी, आतल्या पिनांचे जवळून व तिरप्या उजेडात घेतलेले. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ या नव्या सॉकेटच्या बोर्डांवर या पिना सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक असतात, आणि एखादी वाकलेली आढळली तर ती ग्राहकाच्या हातून वाकली असे गृहीत धरून वॉरंटी सरसकट नाकारली जाते. ते प्लास्टिकचे झाकण फेकू नये. झाकणाविना पाठवलेला बोर्ड सेवा केंद्रे स्वीकारत नाहीत. एएमडीच्याच आधीच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला मात्र पिना प्रोसेसरच्याच पोटाशी असतात, म्हणून तिथे छायाचित्र प्रोसेसरचे घ्यावे.

बिलावर जीएसटी क्रमांक, भागाचे पूर्ण नाव आणि शक्य तर अनुक्रमांक असावा. स्थानिक दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर थोडा स्वस्त भाव देऊ करतो, पण वाचलेल्या पैशांपेक्षा गेलेली वॉरंटी बरीच महाग पडते.

दोष नसतानाही डिस्प्ले का येत नाही

पहिल्यांदा संगणक सुरू न होण्याची कारणे बहुतेक वेळा जोडणीतच सापडतात. एसएमपीएसच्या, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, पाठीमागचे बटण चालू आहे का, चोवीस पिनांची मुख्य केबल खटकन आवाज होईपर्यंत बसली आहे का, आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची वेगळी केबल लावली आहे का, हे आधी पाहावे. ही आठ पिनांची केबल राहून गेली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असणे हे दुसरे नित्याचे कारण. त्यातच प्रोसेसर इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असलेला किंवा रायझन ५६०० सारखा असेल, तर त्यात चित्र दाखवण्याची सोयच नसते, आणि ग्राफिक्स कार्डाविना त्याची तपासणी करणे म्हणजे आंधळेपणाने शोधणे होय.

रॅमची एकच पट्टी असेल तर ती साधारणतः प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवावी, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. डीडीआर५ रॅम असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करून घेतो आणि त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. या काळात डिस्प्ले येत नाही, म्हणून वीज तोडून पुन्हा चालू करण्याची घाई करू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर लावला असेल तर बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डातल्या अंगभूत प्रणालीची, आवृत्ती पाहावी. बी४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर किंवा बी६६० बोर्डावर इंटेलच्या चौदाव्या पिढीचा प्रोसेसर हवा असेल, तर बोर्डातले बायोस तेवढे अद्ययावत असावेच लागते. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असल्यास प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून हे काम होते. नसल्यास ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे अशा दुकानदाराकडून करून घ्यावे. हा भागाचा दोष नव्हे, आणि दुकानदाराने विकतानाच हे सांगायला हवे असे माझे मत आहे.

कॅबिनेटबाहेर कमीत कमी जोडणी

एवढे करूनही संगणक चालू होत नसेल, तर सर्व काही कॅबिनेटमधून बाहेर काढावे. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. ज्या चकचकीत पिशवीत तो येतो तिच्यावर नको, कारण तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. पलंगावर चादर पसरून हे काम करू नये, मग ती अस्सल सोलापुरी असली तरीही. इथली हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, आणि स्थिर विजेची ठिणगी जाणवली नाही तरी तिच्याने भाग बिघडू शकतो. सुती कपडे घालावेत, अनवाणी गुळगुळीत फरशीवर उभे राहावे आणि अधूनमधून एसएमपीएसच्या उघड्या धातूला हात लावावा. केबल भिंतीतल्या सॉकेटला लावलेली पण मागचे बटण बंद, अशा अवस्थेत.

आता बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढेच ठेवावे; प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावावे. कॅबिनेटचे बटण नसल्याने बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. इथे संगणक सुरू झाला आणि कॅबिनेटमध्ये होत नसेल, तर बोर्डाखाली जादा लागलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खुंट), अडकलेला स्क्रू किंवा बिघडलेले कॅबिनेटचे बटण यांपैकी काहीतरी कारण असते, आणि महाग भाग निर्दोष ठरतात.

सुरू झाला नाही तर वीज तोडून बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून पुन्हा बसवावा. अनेक बोर्डांवर चार छोटे दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (साठवणीवरून सुरू होणे). जो दिवा लागून राहतो तिथे तपासणी अडली आहे असे समजावे. पण दिवा म्हणजे निकाल नव्हे. डीरॅमचा दिवा रॅमइतकाच सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनेमुळे किंवा एका बाजूने जास्त आवळलेल्या कूलरमुळेही लागतो. म्हणून रॅम परत पाठवण्यापूर्वी कूलर सैल करून पुन्हा सारखा बसवून पाहावा.

यापुढचा नियम कंटाळवाणा असला तरी मोडू नये: एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहून ठेवावा.

एसएमपीएस

संशय असल्यास हा भाग आधी तपासावा, कारण बिघडलेला एसएमपीएस इतर भागांनाही घेऊन जातो. सर्व भागांपासून वेगळा करून चोवीस पिनांच्या जोडणीतील सोळाव्या पिनेची, म्हणजे साधारणतः हिरवी, तार आणि कोणतीही काळी तार कागदाच्या पिनेने जोडली असता त्याचा पंखा फिरायला हवा. काही एसएमपीएसचा पंखा भार नसताना मुद्दाम थांबलेला असतो, म्हणून मल्टिमीटरने मोजणे अधिक भरवशाचे. बारा व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि पाच व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत आकडा असावा. रिकाम्या अवस्थेत आकडा बरोबर आला तरी खेळ चालू होताच संगणक बंद पडत असेल, तर दोष भाराखाली उघड होतो आणि त्यासाठी दुसरा एसएमपीएस लावून पाहण्यावाचून उपाय नाही. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये घातक दाब टिकून असतो.

उसना एसएमपीएस आणल्यास त्याच्याच केबली वापराव्यात. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते, आणि ‘बसते आहे ना’ म्हणून लावलेली दुसऱ्याची केबल हार्ड डिस्क क्षणात जाळते.

कॅबिनेटला हात लावल्यावर करंट लागतो ही तक्रार जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत नेहमी ऐकू येते, आणि दोष एसएमपीएसवर ढकलला जातो. प्रत्यक्षात त्यातल्या फिल्टरमधून अगदी किंचित वीज धातूच्या बॉडीकडे जाणे अपेक्षितच असते. ती अर्थिंगच्या तारेतून निघून जायची असते. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा दाब साचतो आणि झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांच्या सॉकेटचे मोजमाप करून घ्यावे: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. दुसरा फारच कमी असेल तर दोष भिंतीत आहे. एसएमपीएस बदलून तो जाणार नाही.

रॅम, साठवण, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक पट्टी त्याच खाचेत आळीपाळीने लावावी; दोष पट्टीबरोबर जातो की खाचेबरोबर राहतो यावरून रॅम आणि बोर्ड यांच्यातला वाद मिटतो. संगणक सुरू होऊन मध्येच निळा पडदा येत असेल तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एकही त्रुटी क्षम्य नाही. मात्र एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम वाढीव वेगाने चालवणारी बायोसमधली सोय) बंद ठेवूनही त्रुटी येतात का हे पाहावे. मूळ वेगावर येत असतील तर बहुधा पट्टी सदोष आहे. वाढीव वेगावरच येत असतील तर मर्यादा प्रोसेसरची किंवा बोर्डाचीही असू शकते, आणि बोर्डाच्या निर्मात्याच्या सुसंगत रॅमच्या यादीत ती पट्टी आहे का हे पाहणे योग्य.

एसएसडी दिसत नसेल तर खाच बदलावी, आणि बोर्डाची पुस्तिका वाचावी. कित्येक बोर्डांवर एम.२ची (पट्टीसारख्या एसएसडीची) एखादी खाच वापरली की साटाचे (केबलने जोडायच्या डिस्कचे) एक-दोन पोर्ट बंद होतात. ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याच्या चालू संगणकात लावून पाहणे पुरेसे आहे.

प्रोसेसर सर्वांत शेवटी संशयात घ्यावा, कारण तो क्वचितच सदोष येतो. ठळक अपवाद इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचा आहे: जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, बायोसद्वारे सुधारणा दिली आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर संगणक बंद पडत असेल, तर आधी कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढली होती का ते बघावे.

बदली मागताना

तक्रार तोंडी करू नये. ईमेलमध्ये भागाचे नाव, अनुक्रमांक, बिलाची तारीख आणि केलेल्या चाचण्या क्रमाने लिहाव्यात, उदाहरणार्थ: ‘ही पट्टी दोन वेगवेगळ्या बोर्डांवर मूळ वेगाने तपासली असता दोन्हीकडे मेमटेस्टमध्ये त्रुटी आल्या; छायाचित्रे जोडली आहेत.’ असे पत्र मिळाल्यावर ‘केबल तपासा, रॅम पुसून लावा’ या प्राथमिक उत्तरांची फेरी बहुधा टळते. विक्रेत्याची मुदत चालू असेल तर त्याच्याकडे आणि ती संपली असेल तर उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे जावे. ते केंद्र पुण्यात असल्यास हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परतता येते. महागड्या कार्डासाठी कुरिअरपेक्षा हे मला अधिक पसंत आहे, कारण काउंटरवर भागाची स्थिती नोंदवून पोचपावती हातात मिळते. कुरिअरनेच पाठवायचे असेल तर मूळ खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात चारी बाजूंनी भरण घालून ठेवावे आणि बंद करेपर्यंतचे चित्रीकरण करावे.

ऑनलाइन व्यापाराच्या २०२०च्या नियमांनुसार विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे लागते. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, विक्रेता कोणत्याही शहरातला असला तरी, ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सोलापुरातच, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. संगणक टायपिंग किंवा डिझाइनच्या व्यवसायासाठी घेतला असेल, तरी तो स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेपुरता असल्यास खरेदीदार ग्राहकच मानला जातो. तक्रारीत हे वाक्य आवर्जून घालावे आणि सोबत बिल, ईमेलचा पत्रव्यवहार व वहीतल्या चाचण्यांच्या नोंदीची प्रत जोडावी.