अब्दुल करीम, अब्दुर्रहमान: नाव ठेवायचं कसं, घ्यायचं कसं
मुलाचं नाव नुसतं अब्दुल ठेवून थांबू नका, अरबीत अब्द म्हणजे सेवक आणि 'उल' हे खरं तर पुढच्या शब्दाचं असतं, मग सेवक कोणाचा तेच राहून जातं. म्हणून पुढे अल्लाहचं एखादं नाव जोडा, करीम म्हणजे उदार, रहमान म्हणजे परम दयाळू. मला अब्दुल करीम फार आवडतं, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात ना. उच्चार नीट शिकवा, करीमला 'ल' राहतो पण पुढचं नाव 'र'ने सुरू झालं की गळतो आणि अब्दुर्रहमान होतं (आपले माजी मुख्यमंत्री अंतुले याच नावाचे). हाक मारताना पूर्ण नाव घ्या, आणि जन्मदाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे स्पेलिंग एकच ठेवा प्लीज.