हद्दीपलीकडचं काम: कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथवाल्यांनी एकत्र येऊन वालधुनीसाठी काय आणि कसं करायचं

आपली सेंट्रल लाईनवरची ही जुनी उपनगरं ट्रेनमधून बघितली तर एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं कळतही नाही, पण तक्रार घेऊन ऑफिसात गेलात की लगेच कळतं. "ते आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकलं नाही असा माणूस इकडे शोधून सापडणार नाही. म्हणून हे लिहितोय, दोन-तीन शहरातल्या लोकांनी मिळून एखादं काम धसास कसं लावायचं ते. उदाहरण वालधुनी नदीचं घेतो कारण तिच्याइतका हद्दींचा त्रास दुसऱ्या कशालाच झालेला नाही.

वालधुनी अंबरनाथच्या डोंगरातून येते, 1060 सालच्या शिवमंदिराला खेटून वाहते, मग कारखाने, मग उल्हासनगरचे कॅम्प, मग कल्याण आणि शेवटी उल्हास खाडी. 1983 ला कल्याणची महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ बदलापूर तिच्यातच होते, 1992 ला बाहेर पडले, उल्हासनगरची महापालिका 1996 ची. म्हणजे आज एका छोट्या नदीला दोन महापालिका, एक नगरपरिषद, एमआयडीसी, प्रदूषण मंडळ, पाटबंधारे आणि पुलांखाली रेल्वे, एवढे मालक, आणि 2014 च्या नोव्हेंबरमधे नदीत केमिकल सोडलं गेलं तेव्हा उल्हासनगरात शेकडो लोकांना हॉस्पिटल गाठावं लागलं. एकट्या शहराने काही करून भागत नाही हे जीन्स धुलाईच्या युनिट्सवरून दिसलंच, उल्हासनगरात बंद केली तर त्यातली बरीच शेजारच्या गावांत जाऊन सुरू झाली, पाणी परत त्याच खोऱ्यात.

तर सुरुवात कशी करायची. विषय एकच घ्या. पाणी, रिक्षा, कचरा, फेरीवाले सगळं एका निवेदनात घातलं की ते पाच टेबलांवर फिरतं आणि कुठेच थांबत नाही. विषय असा हवा की जो खरंच हद्द ओलांडतो, तुमच्या गल्लीतला खड्डा हा तुमच्याच नगरसेवकाकडे न्या.

मग माणसं. प्रत्येक शहरातून निदान दोन-तीन तरी पाहिजेत आणि व्हॉट्सॅप ग्रुपला तिन्ही शहरांचे ॲडमिन पाहिजेत, हे क्षुल्लक वाटेल पण नाहीतर पंधरा दिवसात तो "कल्याणवाल्यांचा ग्रुप" होतो आणि बाकीचे गप्प बसतात. मीटिंग विठ्ठलवाडीच्या आसपास ठेवा, सगळ्यांनाच जवळ पडतं, आणि रविवार ठरवण्याआधी मेगाब्लॉक बघा. उल्हासनगरचे बरेच जण सिंधी, हिंदीत बोलणारे, तर निवेदन मराठीत काढा पण ग्रुपवर आणि सह्यांच्या कागदावर हिंदीही असू द्या. सोसायट्यांचे सेक्रेटरी, मंदिर-दरबार चालवणारे, दुकानदार संघटना, शाळेतले निवृत्त सर, यांना आधी गाठा, यांच्या एका शब्दावर पन्नास सह्या येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, नदीकाठाने चालायचं. सगळ्यांनी मिळून, शिवमंदिरापासून खाली कल्याणपर्यंत, एका दिवसात नाही झालं तर तुकड्यातुकड्याने. वहीत रकाने आखा: जागा (जवळचं दुकान किंवा पूल), डाव्या काठाला की उजव्या, नाला की पाईप, पाण्याचा रंग, वास, वेळ, फोटो नंबर. फोटो लोकेशन ऑन ठेवूनच काढा. सकाळी स्वच्छ दिसणारा पाईप रात्री उशिरा किंवा पहिल्या जोरदार पावसात वेगळाच दिसतो, त्यामुळे त्याच जागेचा फोटो वेगवेगळ्या वेळी हवा. पाण्यात हात घालू नका, एकटे जाऊ नका, आणि टँकर रिकामा होताना दिसला तर ड्रायव्हरशी वाद अजिबात नको, लांबून नंबर टिपा, 112 ला फोन करा. आणि एक, आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी कायदेशीर पुरावा म्हणून चालत नाही, 1974 च्या जल कायद्यानुसार नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो, म्हणून तुमची वही घेऊन प्रदूषण मंडळाच्या कल्याणच्या प्रादेशिक कार्यालयात जा आणि "या जागेवर या वेळी नमुना घ्या" असं लेखी द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

चालणं झालं की माहिती अधिकाराचा (आरटीआय) अर्ज, आणि इथे खरी गंमत आहे: तिन्ही पालिकांना शब्दन् शब्द तोच अर्ज. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तर 30 दिवसात. विचारायचं एवढंच: तुमच्या हद्दीत वालधुनीला किती नाले मिळतात, त्यातले किती सांडपाणी केंद्राला जोडलेत, मागच्या तीन वर्षांत वर्षनिहाय सफाईवर खर्च किती. उत्तरं आली की शेजारी शेजारी ठेवा. हद्दीवरचा एखादा नाला दोघांच्याही यादीत नसेल किंवा दोघंही तो दुसऱ्याचा म्हणत असतील, तर तोच तुमच्या निवेदनाचा पहिला मुद्दा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, सोडू नका.

निवेदन एकच पान, तीन शहरांच्या सह्या, आणि एकाच दिवशी तिन्ही आयुक्त-मुख्याधिकाऱ्यांकडे, कॉपी कलेक्टरला. मागणीही एकच ठेवा: तिन्ही पालिका, एमआयडीसी आणि प्रदूषण मंडळ यांची संयुक्त समिती, दर महिन्याला बैठक, इतिवृत्त वेबसाईटवर. "नदी स्वच्छ करा" असं लिहू नका, त्यावर "कार्यवाही सुरू आहे" एवढंच उत्तर येतं. असं कुठे होतं का म्हणाले तर दोन गोष्टी सांगा. शेजारच्या स्थानिक संस्थेबरोबर संयुक्त समिती नेमायची सोय 1949 च्या महापालिका कायद्यातच आहे. आणि याच उल्हास नदीवर स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी उभी आहे, ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि ठाणे जिल्हा परिषद मिळून पाणी उचलतात आणि वाटून घेतात, म्हणजे पाणी घ्यायला एकत्र येता येतं तर घाण थांबवायलाही येतं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या भोवतालच्या जुन्या उपनगरांनीही 1990 च्या दशकात असाच गट केला, लेकवुड, क्लीव्हलँड हाईट्स, युक्लिड वगैरे, आणि काउंटीला (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला) बँकांत पैसे ठेवायला लावून जुनी घरं दुरुस्त करायला लोकांना स्वस्त कर्ज मिळवून दिलं. एकट्या लेकवुडचं काउंटीने एवढं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

नगरसेवकांना टाळू नका, मात्र एकाच पक्षाच्या हातात विषय देऊ नका. तिन्ही शहरांतल्या वेगवेगळ्या पक्षांच्या नगरसेवकांना एकाच दिवशी नदीवर बोलवा, हद्दीवरच्या त्या नाल्यापाशी उभं करा, दोन्ही पालिकांची उत्तरं हातात द्या. कोर्टाचा रस्ता शेवटचा, तो लांबचा आहे, वनशक्ती संस्थेने उल्हास-वालधुनीसाठी हरित लवादात केस लढली त्याला किती वर्षं गेली ते आपण बघितलंय, पण तिथे जायची वेळ आलीच तर तुमची वही, पोचपावत्या आणि आरटीआयची उत्तरंच उपयोगी पडणार.

वेळेचं गणित मात्र उलटं मांडा. पालिकांचं बजेट फेब्रुवारी-मार्चमधे येतं, नालेसफाईची टेंडरं त्याच्या आसपास निघतात आणि काम मेअखेर संपवायचं असतं, म्हणून चालणं दिवाळीआधी, आरटीआय दिवाळी झाली की, आणि निवेदन डिसेंबरात. मार्चनंतर गेलात तर खर्चाला हेडच (बजेटमधे तरतूदच) नाही म्हणतील आणि पुढच्या वर्षीवर ढकलतील.