शिरेतोकोत अस्वल बघायचंय? मग असं करा

जपानला जाणार असाल तर होक्काइडोचं शिरेतोको नॅशनल पार्क कराच, तपकिरी अस्वलं लई आहेत तिथं. पाच तळ्यांपाशी ८०० मीटरचा उंच लाकडी रस्ता आहे, फुकट, कडेला करंटची तार, आपल्याकडं रानडुकरांसाठी शेताला लावतात तशी, म्हातारी माणसंबी आरामात जातात. खालच्या पायवाटेनं मात्र १० मे ते ३१ जुलै गाइडशिवाय सोडत नाहीत, बुकिंग आधीच करा. चालताना बोलत राहा, टाळ्या वाजवा, चाहूल लागली की अस्वल बहुतेक स्वतःच बाजूला होतं. दिसलंच तर पळू नका, हळूहळू मागं सरका. आणि दशम्या-चटणी सोबत अजिबात नको, माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं, लई वाईट वाटतं ओ.